सामाजिक भीतीत उत्तेजनार्थ

माझी नणंद स्नेहल हिला माणसांची भीती वाटते, ही बाब आमच्या घरात सर्वांना माहीत होती. परंतु ती कागदावर नव्हती. आणि जी बाब कागदावर नसते ती अस्तित्वातच नसते, हे माझे सासरे देवानंदबाबा बत्तीस वर्षं सरकारी नोकरी करून शिकले होते.

स्नेहल तेवीस वर्षांची. बाबांची बदली भंडाऱ्याहून लखनौला झाली त्यानंतर दोन महिन्यांनी तिचा जन्म झाला, त्यामुळे तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर ती हिंदीत देते. बाहेरच्या माणसाला तर कुठल्याच भाषेत देत नाही. डिलिव्हरीवाल्याचा फोन आला की फोन माझ्या हातात कोंबते. ई-रिक्षात बसली की ‘भैया, रोक दीजिए’ एवढं तिच्या तोंडून निघत नाही, म्हणून दुसरं कुणी रिक्षा थांबवेल तिथे ती उतरते आणि तिथून अलीगंजला घरी चालत येते. कधी दोनशे पावलं, कधी दोन किलोमीटर. ते सहप्रवाशांवर अवलंबून.

ती मनमोकळं बोलते ती फक्त माझ्या अडीच वर्षांच्या पिंटूशी. दोघं टीपॉयखाली बसतात, बिस्किटं खातात, आणि मी भाजी चिरता चिरता ऐकते. मला जे कधी सांगितलं नाही ते सगळं पिंटूला माहीत आहे. त्याचा गुण असा की तो मध्ये बोलत नाही.

तर ही स्नेहल एका मोठ्या कार्यालयाच्या लेखी परीक्षेत राज्यात एकोणिसावी आली. जागा होती अभिलेख कक्षात. तळघरातली खोली, जुने कागद नव्या कागदांशी ताडून पाहायचे, दिवसभर कुणाशी बोलायचं नाही. ही नोकरी देवानं, म्हणजे कुणीतरी फार विचार करून, तिच्यासाठीच काढली असावी. स्नेहलनं जाहिरात कापून डायरीत ठेवली होती. तिला आयुष्यात दुसरं काहीही हवं असल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

मध्ये फक्त एक पायरी होती: समूहचर्चा. शांतपणे कागद तपासणारा माणूस निवडायचा तर आधी तो आठ जणांत किती ओरडू शकतो हे पाहणं आवश्यक असतं.

परंतु कार्यालय निर्दय नव्हतं. नियम सात, पोटनियम ‘ग’ मध्ये लिहिलं होतं की ज्या उमेदवारास सामाजिक भीती आहे त्याची चर्चा बंद खोलीत, एकाच अधिकाऱ्यासमोर आणि उमेदवाराची इच्छा असल्यास लेखी घेतली जाईल. दाखला जोडावा.

आम्ही तिला डॉक्टर शर्मिष्ठांकडे नेलं. बाई फार चांगल्या. त्यांनी स्नेहलला तासभर काहीच विचारलं नाही, मग एकेक करून विचारलं. आम्हाला म्हणाल्या, “ये डर बहुत आम है, ठीक भी होता है. धीरे-धीरे, छोटे क़दम. बस, घरवाले एक बात याद रखें. धक्का मत दीजिए.”

आम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. बाबांनी तर वहीत लिहून घेतलं.

डॉक्टरांचा दोन पानी दाखला कार्यालयाकडे गेला आणि बाराव्या दिवशी परत आला. सोबतच्या पत्राचा भावार्थ असा: डॉक्टरांनी उमेदवाराची भीती प्रमाणित केली आहे, तिची सामाजिकता प्रमाणित केलेली नाही. भीती सामाजिक असल्याचं समाजच सांगू शकतो. सबब उमेदवाराच्या समाजातील नोंदणीकृत संस्थेचा दाखला सादर करावा.

“बरोबर आहे,” बाबा म्हणाले. सरकारी पत्र वाचून त्यांना नेहमीच बरोबर वाटतं. “आपलं मंडळ नोंदणीकृतच आहे ना. लक्ष्मीकांतला फोन लावतो.”

लक्ष्मीकांतकाका म्हणजे मराठी स्नेहवर्धिनी मंडळ, महानगर, या संस्थेचे अध्यक्ष. महानगर हे लखनौतल्याच एका वस्तीचं नाव. बँकेतून निवृत्त झाले त्या दिवसापासून अध्यक्ष आहेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि अत्यंत गोपनीयता राखण्याचं वचन दिलं. ती राखता यावी म्हणून त्यांनी विषय मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच टाकला, म्हणजे सर्वांना एकदमच कळेल आणि कुणाला मागून कुजबुजावं लागणार नाही. स्नेहलचा फोटोही टाकला, कारण दोन स्नेहल आहेत, गैरसमज नको.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दाखल्यासाठी स्नेहलचा धरून नऊ अर्ज आले. त्यांतले तिघं खरोखर ती परीक्षा पास झाले होते. बाकीच्यांना दाखला नुसता जवळ असू द्यायचा होता. आजकाल कुठे काय लागेल सांगता येत नाही. परीक्षा पास झालेल्यांत वेदांत होता. वेदांत मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाचा सूत्रसंचालक. एकदा महाराष्ट्र दिनाला वीज गेली आणि माइक बंद पडला, तेव्हा त्याच्याशिवाय ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“त्याला कसली भीती?” मी काकांना फोनवर विचारलं.

“रुचिरा बेटा, आतून असते,” काका म्हणाले. “त्याची आई म्हणते, तो आतून फार घाबरतो. आपण कोण ठरवणार?”

“मग सगळ्यांनाच द्या की दाखले.”

“नियमावली आहे. एका विषयात वर्षाला एकच दाखला. एकाला दिला तर दुसऱ्यावर अन्याय. म्हणून कार्यकारिणीनं ठरवलंय की भीती मोजायची. आणि ती उघड, पारदर्शक पद्धतीनं मोजायची.”

“मोजायची कशी?”

“लोकांसमोर उभं करून. त्याशिवाय कळणार कसं?”

अशा रीतीनं मंडळाची पहिली ‘सामाजिक भीती वक्तृत्व स्पर्धा’ जाहीर झाली. विषय: ‘मी आणि माझी भीती’. वेळ सात मिनिटं, सहाव्या मिनिटाला घंटा. सर्वाधिक घाबरणाऱ्या स्पर्धकास स्मृतिचिन्ह आणि दाखला. गर्दी कमी असेल तर खरी भीती बाहेर येणार नाही, म्हणून सर्व सभासदांना सहकुटुंब उपस्थिती बंधनकारक करण्यात आली. परीक्षकांसाठी गुणपत्रिका नव्या छापल्या नाहीत; दरवर्षीच्या वक्तृत्व स्पर्धेच्या उरल्या होत्या. आशय तीस, उच्चार वीस, हावभाव वीस, वेळेचं पालन दहा, सभाधीटपणा वीस.

“काका, सभाधीटपणाला गुण?”

“ज्याचा जास्त असेल त्याचे कापायचे, असं वीणाताईंना तोंडी सांगितलंय,” काका म्हणाले. वीणाताई मुख्य परीक्षक. त्यांच्यापर्यंत ते पोहोचलं नाही, हे नंतर कळलं.

घरी बाबा स्नेहलला समजावत होते. “काहून घाबरते बाई तू? आपलेच लोक आहेत. लहानपणी तर काय खणखणीत म्हणायची तू कविता. नाही वं द्रौपदी?”

“म्हणायची तर,” माझ्या सासूबाई म्हणाल्या. “पाहुणे आले की हिला ह्याच टीपॉयवर उभं करायचो. एकदा विसरली ना मधेच! काय हसलो होतो आम्ही सगळे. आणि ही येडी खालीच उतरेना.”

स्नेहल उठली. टीपॉयवरचे कप उचलून आत गेली.

पुढचे आठ दिवस ती टीपॉयखाली बसून भाषण करत होती. श्रोता पिंटू. भाषण एका कागदावर होतं, सात ओळींचं. मी पोळ्या लाटत ऐकत असे. आठ दिवसांत मलाही पाठ झालं.

“सुन पिंटू. मुझे लोग बुरे नहीं लगते. अच्छे लगते हैं, इसीलिए डर लगता है. छोटी थी तो मुझे मेज़ पे खड़ा करते थे. एक दिन मैं भूल गई. सब हँसे. प्यार से ही हँसे. फिर सब खाना खाने चले गए. मैं अभी भी वहीं खड़ी हूँ.”

“उतर,” पिंटू म्हणाला.

“हाँ यार,” ती म्हणाली. “वही तो.”

मी पोळी करपवली. पण आत जाऊन काही म्हणाले नाही. मला वाटलं, हे भाषण ती करेल तर पहिली येईल. म्हणजे बघा, मीसुद्धा क्रमांकच मोजत होते.

स्पर्धेच्या दिवशी महानगरचं सभागृह भरलं. प्रवेशद्वारावर फ्लेक्स होता: ‘घाबरणाऱ्या तरुणाईचं हार्दिक स्वागत’. खाली नऊ जणांचे फोटो. स्नेहलचा तोच, ग्रुपवर टाकलेला, आधार कार्डावरचा. प्रमुख पाहुण्यांनी ‘तरुणांना बोलायची संधीच मिळत नाही’ या विषयावर पन्नास मिनिटं भाषण केलं, त्यामुळे स्पर्धा तासभर उशिरा सुरू झाली.

वेदांत पहिला. त्यानं माइक स्टँडवरून काढून हातात घेतला.

“भीती!” तो म्हणाला. मग थांबला. “भीती!!” सभागृहभर नजर फिरवली. “मित्रहो, या क्षणीही माझे पाय थरथरत आहेत. तुम्हाला दिसत नाहीत, हीच तर माझी शोकांतिका आहे!”

टाळ्या. मग त्यानं घाम वर्णिला, कोरडा पडलेला घसा वर्णिला, धडधडणारं हृदय टेबलावर मूठ आपटून ऐकवलं. पाचव्या मिनिटाला रुमाल काढला. पुढच्या रांगेतल्या बायकांनीही काढले. घंटा आणि शेवटचं वाक्य एकाच वेळी आलं. असा घाबरणारा माणूस मी तरी पाहिला नव्हता. त्यानंतर सानिका नावाच्या मुलीनं आपली भीती कवितेत सादर केली. आणखी एकानं भीतीवर मात कशी करावी याचे पाच उपाय सांगितले आणि विषय सोडल्याबद्दल गुण गमावले.

मग स्नेहलचं नाव पुकारलं.

ती गेली. हे आधी नोंदवते, कारण पुढे कुणीच नोंदवलं नाही. ती स्वतःच्या पायांनी चढली, माइकसमोर उभी राहिली आणि घडी केलेला कागद उघडला. माइक वेदांतच्या उंचीला होता. कुणी खाली केला नाही. तिनं वर पाहिलं. तीनशे माणसं तिच्याकडे प्रेमानं पाहत होती.

एक मिनिट गेलं. माइकमध्ये फक्त तिचा श्वास ऐकू येत होता.

“बोल बेटा, बोल!” काका मंचावरून म्हणाले.

“घाबरू नको, आपलीच माणसं आहेत!” मागून कुणीतरी.

“अरे, टाळ्या वाजवा, हिंमत येईल!” टाळ्या वाजल्या. तिचे खांदे वर गेले. मुलांना वाटलं परिणाम होतोय, म्हणून शिट्ट्याही वाजल्या.

मी तिसऱ्या रांगेत होते. व्हिडिओसाठी मोबाइल धरून. मीही ओठ हलवून पहिली ओळ तिला दाखवत होते, मुझे लोग बुरे नहीं लगते, मुझे लोग बुरे नहीं लगते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला मोबाइल दिसला.

सहाव्या मिनिटाला घंटा झाली. ती हलली नाही. सातव्याला दुसरी घंटा झाली, तेव्हा तिनं कागदाची नीट घडी केली, पायऱ्या उतरली आणि माझ्याशेजारी येऊन बसली. माझ्या मांडीवरच्या पिंटूनं आपलं उष्टं बिस्किट तिला दिलं. तिनं खाल्लं.

निकाल जाहीर करताना वीणाताई म्हणाल्या, “वेदांतनं भीती अक्षरशः जिवंत केली. पहिल्यांदाच मला समजलं की ही मुलं काय सोसतात. स्नेहलबद्दल परीक्षक मंडळाचं मत असं की तिची भीती दिसली, पण पोहोचली नाही. सादरीकरणावर मेहनत घ्यावी. मात्र दिलेली सात मिनिटं तिनं पूर्ण वापरली, एक सेकंद कमी नाही की जास्त नाही. म्हणून वेळेच्या पालनासाठी तिला उत्तेजनार्थ पारितोषिक.”

प्रमाणपत्रावर सोनेरी अक्षरांत होतं: ‘सामाजिक भीती – उत्तेजनार्थ’. बाबांनी तेच, मंडळाच्या अहवालासह, कार्यालयाला पाठवलं. “उत्तेजनार्थ म्हणजे थोडी तर आहे ना,” ते म्हणाले. “थोडी चालते.”

यावेळी उत्तर सहा दिवसांतच आलं. मंडळाच्या अहवालावरून उमेदवार तीनशे लोकांच्या जनसमुदायासमोर सात मिनिटे, कोणाच्याही आधाराविना, उभी राहिल्याचे सिद्ध होते. सामाजिक भीती असलेल्या व्यक्तीस हे शक्य नाही. अर्ज नामंजूर. समूहचर्चेस उपस्थित राहावे.

“म्हणजे गेली नसती तर भीती सिद्ध झाली असती?” माझा नवरा आदेश म्हणाला.

“गेली नसती तर स्पर्धक म्हणून नाव नसतं,” बाबा म्हणाले. “नाव नसतं तर दाखला नसता. बरोबर आहे त्यांचं.”

समूहचर्चा लखनौच्या टोकाला, सरोजिनी नगरला होती. मी पिंटूला कडेवर घेऊन गेटबाहेर थांबले. कानपूर रोडवरून ट्रक जात होते, वरून विमानं उतरत होती. पिंटू दोघांनाही टाटा करत होता. चाळीस मिनिटांनी स्नेहल बाहेर आली.

“काय झालं गं?”

“टॉपिक था भाभी. युवाओं में सामाजिक भय, कारण और उपाय.”

“बापरे! मग? तू काय बोललीस?”

“मेरी बारी आने तक वो लोग निष्कर्ष पे पहुँच गए थे.”

“कसला निष्कर्ष?”

“कि ऐसा कुछ होता नहीं. सब मोबाइल की वजह से है.” मग तिनं पिंटूला माझ्याकडून घेतलं आणि त्याच्या कानात बराच वेळ काहीतरी सांगितलं. मी ऐकायचा प्रयत्न केला. ट्रकमुळे ऐकू आलं नाही.

यादी लागली. वेदांत निवडला गेला. बंद खोलीत, एका अधिकाऱ्यासमोर तो एक तास वीस मिनिटं आपल्या भीतीबद्दल बोलला होता म्हणे. अधिकाऱ्यानं शेवटी उठून त्याला पाणी दिलं. आता तो तळघरात बसतो आणि ग्रुपवर रोज सकाळी सुविचार पाठवतो. स्नेहलचं नाव यादीत नव्हतं. तिनं डायरीतली जाहिरात काढली, नीट पाहिली आणि पुन्हा डायरीतच ठेवली.

रविवारी मंडळाचं सांत्वन-शिष्टमंडळ आमच्या घरी आलं. बारा जण. काकांनी सोबत पुष्पगुच्छ आणि अहवाल-वही आणली होती. “कुठे आहे आमची स्पर्धक? बोलवा तिला. नापास झाली म्हणून तोंड लपवायचं नाही!”

स्नेहल स्वयंपाकघरात होती. दाराला आतून कडी नाही, म्हणून तिनं पाठ टेकवली होती. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. बारा माणसं गप्प बसलेली. पंखा फिरतोय. कुणालाच विषय सुचेना. अशा वेळी घरच्या बाईवर काय दडपण येतं, हे ज्यांच्या घरी पाहुणे येतात त्यांना माहीत आहे. काहीतरी तर करायला हवं होतं.

“पिंटू,” मी म्हणाले, “काकांना मछली जल की रानी म्हणून दाखव.”

पिंटू माझ्या मागे गेला.

“अरे, घरी तर दिवसभर म्हणतोस! लाजतो का?” सगळे हसले. वातावरण लगेच मोकळं झालं. “म्हण बेटा, चॉकलेट देईन.” “आवाज ऐकू दे, शेर है ना तू?” “असं दिसत नाही आम्हाला. वर उभं करा त्याला!”

मी टीपॉयवरचे कप बाजूला केले आणि त्याला वर उभं केलं. तो खाली वाकून माझा दुपट्टा धरायला लागला, तेव्हा त्याचे हात सोडवले आणि पाठीवर हात ठेवून त्याला थोडंसं, अगदी थोडंसं, पुढे ढकललं. त्याचा खालचा ओठ बाहेर आला. बारा माणसं त्याच्याकडे प्रेमानं पाहत होती.

स्वयंपाकघराचं दार उघडलं.

“उसको नहीं बोलना है.”

स्नेहल होती. हाताला कणीक लागलेली, चेहरा पांढरा पडलेला. पण आवाज मागच्या खोलीपर्यंत जाईल एवढा. “सुना नहीं किसी ने? उसको नहीं बोलना है. उतारो उसे.”

ती चालत आली, माझ्या हाताखालून पिंटूला उचललं आणि छातीशी धरलं. तेवीस वर्षांत ती बारा माणसांसमोर पहिल्यांदा स्वतःचं काही बोलली होती, आणि जे बोलायचं होतं नेमकं तेच बोलली होती.

क्षणभर असं वाटलं की आता कुणालातरी काहीतरी कळेल.

“वा!” लक्ष्मीकांतकाका उभे राहिले. “बोलली! बघा, बोलली! याला म्हणतात उपक्रमाचं यश!” त्यांनी अहवाल-वही उघडली. “किती वाजले? चार पंचवीस. स्पर्धक क्रमांक चार, भीती समाप्त.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. बाबा सगळ्यांना सांगू लागले, “मी म्हणत नव्हतो? आपलेच लोक आहेत!” वीणाताई म्हणाल्या, “उच्चार स्पष्ट आहेत गं तुझे! पुन्हा एकदा म्हण ना, मला व्हिडिओ नाही घेता आला.”

स्नेहल पिंटूला घेऊन आत गेली. पुन्हा पाठ टेकवल्याचा आवाज आला. या खेपेला त्यात दोघांचं वजन होतं.

तुम्ही त्या खोलीत असता तर तुम्हीही टाळ्या वाजवल्या असत्या. मीही वाजवल्या. चुकीचं काय होतं त्यात? किती छान बोलली.

स्नेहल अजूनही दुसऱ्या कुणी रिक्षा थांबवली की उतरते आणि चालत घरी येते. पिंटू मात्र हल्ली बदललाय. टाळ्या ऐकल्या की दाराआड जातो आणि आतून कडी शोधतो. आम्ही लोकांना सांगतो, आत्यावर गेलाय, थोडा लाजाळू आहे. तुमच्याकडेही लहान मूल असेलच. या की घेऊन एखाद्या रविवारी. टीपॉय मजबूत आहे.